नवजात अर्भकाची पहिली ढाल

मूल जन्माला आल्यानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा करण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पाटा-वरवंटा मांडावयाचा, दिवा लावावयाचा आणि बाळ-बाळंतिणीजवळ कोणी तरी रात्रभर जागे राहावयाचे. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, अशी समजूत. समजूत कशीही असो. जन्मानंतरचा पहिला आठवडा हा मनुष्याच्या आयुष्यातील अतिशय धोक्याचा काळ होय, हा पिढ्यांचा अनुभव मात्र तिच्यात साठविलेला आहे. नाळेच्या जखमेतून शिरलेल्या जंतूंमुळे होणारा धनुर्वात नेमका याच दिवसांत बालकांना गाठीत असे. आईला टोचावयाची लस आणि नाळ कापण्यासाठी स्वच्छ पाते या दोन साध्या उपायांनी तो इतका मागे हटला की, २०१५ साली भारत माता व नवजात यांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

या विजयाबरोबर आणखी एक मोठे स्थित्यंतर घडले. मूल आता घरात जन्मत नाही, रुग्णालयात जन्मते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर जन्मांपैकी सुमारे ३९ जन्म रुग्णालयांत झालेले आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हीच संख्या सुमारे ८९ वर गेली. एवढ्या थोड्या काळात एवढा पालट क्वचितच होतो, आणि त्यामुळे असंख्य माता व बालके वाचली यात संशय नाही. परंतु बाळंतिणीच्या खोलीबरोबर तेथील जुन्या धोक्यांनीही आपले बिऱ्हाड बदलले. जो शत्रू पूर्वी सुईणीच्या विळ्यावर असे, तो आज प्रसूतिगृहाच्या मोरीत, सलाईनच्या नळीत आणि घाईत असलेल्या माणसाच्या बोटांवर असू शकतो. शिवाय त्याने आता आपल्या औषधांना दाद न देण्याची कला हस्तगत केली आहे. या शत्रूविषयी, म्हणजे रुग्णालयात असलेल्या नवजात बालकांच्या रक्तात शिरणाऱ्या जंतूंविषयी, आज मला बोलावयाचे आहे.

रक्तात जंतू शिरून सर्व शरीर विषण्ण होते, त्या अवस्थेला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला तो झाला तर ताप चढतो, हुडहुडी भरते, रोगी आपले दु:ख सांगतो. चार दिवसांचे बालक काय सांगणार? त्याला ताप येईलच असे नाही. उलट त्याचे अंग गार पडते. ते आदल्या दिवशी नीट दूध ओढत होते, आज ओढत नाही; हालचाल मंदावते; श्वास मिनिटाला साठाहून अधिक वेळा चालतो; छाती आत ओढली जाते; बेंबीभोवती लाली किंवा पू दिसतो; कधी झटके येतात. ही लक्षणे क्षुल्लक वाटतात, आणि तेथेच घात होतो. कारण या वयात साध्या सुस्तीपासून मृत्यूपर्यंतचे अंतर काही तासांचेही असू शकते.

नवजात बालक एवढे असाहाय्य का? आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भाला मिळतात, पण त्यांचा मोठा वाटा गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत पोचतो. म्हणून अपुऱ्या दिवसांचे मूल ही शिदोरी न घेताच जगात येते. त्याची त्वचा कागदासारखी पातळ असते. त्याला जगविण्यासाठी शिरेत सुई, नाकात नळी, घशात श्वासाची नळी घालावी लागते; आणि ज्या वाटेने औषध आत जाते, त्याच वाटेने जंतूलाही आत जाता येते. ज्या बालकाला उपचाराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच उपचारातून होणारा धोकाही सर्वांत अधिक.

रुग्णालयच रोग पसरवू शकते, हा विचार नवा नाही. १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळातील पहिल्या प्रसूतिविभागात शंभर बाळंतिणींमागे अकराहून अधिक स्त्रिया प्रसूतिज्वराने मरण पावल्या. शेजारच्याच दुसऱ्या विभागात, जेथे सुइणींना शिक्षण दिले जाई, हे प्रमाण शंभरास तीनपेक्षाही कमी होते. इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टराने या भेदाचे कारण शोधले. पहिल्या विभागातील वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून उठून तसेच प्रसूतिगृहात येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शंभरास दीडाच्याही खाली उतरले. त्या वेळी जंतुशास्त्र जन्मास आले नव्हते आणि प्रतिजैविकांचे नावही कोणास ठाऊक नव्हते. तरीही केवळ हात धुतल्याने हजारो जीव वाचतात हे सिद्ध झाले. दुर्दैव असे की, आपल्याच हातांनी रोगी मरतात ही गोष्ट त्या काळच्या अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना मानवली नाही, आणि १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

पुढे १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनचा शोध लावला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते औषध म्हणून वापरात आले. ज्या जंतुदोषापुढे वैद्य हात टेकीत, तो चार-आठ दिवसांत बरा होऊ लागला. जंतूंचे युग संपले अशीच पुष्कळांची भावना झाली. पण खुद्द फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात सावधगिरीची सूचना दिली होती: अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात. ही वाणी खरी ठरावयास दहा वर्षेही लागली नाहीत. १९५३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील प्रसूतिगृहांत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची साथ नवजात बालकांत उद्भवली, आणि थोड्याच वर्षांत तो जंतू इतर अनेक देशांच्या रुग्णालयांत जाऊन पोचला. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचे पहिले मोठे बळी ठरलेल्यांत पाळण्यातील मुले होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

जंतू असे शिकतात तरी कसे? ते काही बुद्धीने शिकत नाहीत. कोट्यवधी जंतूंत एखाद-दुसरा जन्मत:च असा असतो की, विशिष्ट औषध त्याला मारू शकत नाही. औषधाने इतर सर्व जंतू मेले की त्याला मोकळे रान मिळते आणि त्याचीच प्रजा माजते. याहून चमत्कारिक गोष्ट जपानी शास्त्रज्ञांच्या ध्यानात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. एक जंतू आपल्याजवळील प्रतिकाराची गुरुकिल्ली दुसऱ्या जंतूच्या हाती देऊ शकतो. आणि तो दुसरा जंतू त्याच्या जातीचाच असावा लागतो असेही नाही. एकाच जुडग्यात पाच-सहा औषधांच्या किल्ल्या असू शकतात. म्हणजे ज्या औषधाशी जंतूची कधी गाठही पडली नाही, त्याच्याही प्रतिकाराची सिद्धता त्याला आयती मिळते.

आपल्या देशातील स्थिती कशी आहे? २०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या आणि तेथील अतिदक्षता विभागात ठेवलेल्या १३,५३० नवजात बालकांची काळजीपूर्वक पाहणी करण्यात आली. तिचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. शंभर बालकांपैकी सुमारे १४ बालकांना सेप्सिस झाला. ज्यांच्या रक्तात प्रत्यक्ष जंतू सापडले, त्यांपैकी जवळजवळ निम्मी बालके दगावली. सापडलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे प्रमुख होते. असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी शंभरातील ८२, क्लेबसिएलापैकी ५४ आणि ई. कोलायपैकी ३८ जंतू एकाहून अनेक प्रकारच्या औषधांना दाद देईनासे झालेले होते.

या आकड्यांहूनही विचार करावयास लावणारी एक गोष्ट त्या पाहणीत आढळली. सेप्सिसचे जवळजवळ दोन-तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच घडले होते. इतक्या लवकर होणारा जंतुदोष आईकडून आलेला असतो, अशी पाश्चात्त्य ग्रंथांची शिकवण आहे. येथे मात्र पहिल्या तीन दिवसांतील आणि त्यानंतरच्या आजारांतील जंतू बहुतांशी सारखेच होते, आणि ते रुग्णालयांत वस्ती करून राहणाऱ्या जातींचे होते. असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला यांना ओल मोठी प्रिय. मोरी, ओली फडकी, दूध ओढून घेण्याची साधने, उघडी राहिलेली औषधाची कुपी, अनेकांसाठी वापरलेली सलाईनची बाटली ही त्यांची राहण्याची ठिकाणे. यावरून एकच तर्क निघतो: ही बालके जन्मत:च, प्रसूतीच्या टेबलावर किंवा तेथून पाळण्यापर्यंतच्या वाटेवर, या जंतूंच्या हाती सापडली असली पाहिजेत.

हे एका शहराचे गाऱ्हाणे नव्हे. २०१८ ते २०२० या काळात भारतासह ११ देशांतील १९ रुग्णालयांत सेप्सिसचा संशय असलेल्या ३,२०४ बालकांची नोंद ठेवण्यात आली. त्यांच्यावर उपचार करताना डॉक्टरांनी औषधांची २०० हून अधिक निरनिराळी मिश्रणे वापरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम वापरण्यासाठी सांगितलेली अँपिसिलिन व जेंटामायसिन ही जुनी, स्वस्त जोडी अनेक ठिकाणी पुरी पडत नाही. मग ज्याच्या हाती जे औषध असेल आणि ज्याचा जसा अनुभव असेल, त्याप्रमाणे तो वाट काढतो. दोनशे वाटा असणे याचा अर्थ खात्रीची वाट कोणासच ठाऊक नसणे, असा होतो.

येथे डॉक्टरांपुढे एक कठीण पेच उभा राहतो. बालकाच्या रक्ताचे कल्चर करून जंतू ओळखावयास एक-दोन दिवस लागतात; तेवढे थांबले तर बालक हातचे जाईल. म्हणून केवळ संशयावरून औषध सुरू करावे लागते, आणि तसे करणेच योग्य होय. पण संशय घेतलेल्या बालकांपैकी पुष्कळांना सेप्सिस नसतोच. त्या सर्वांना जालीम औषधे आठ-दहा दिवस देत राहिले, तर त्यांच्या आतड्यांतील निरुपद्रवी जंतू मरतात, हट्टी जंतू तेथे ठाण मांडतात, आणि मग ते एका बालकापासून शेजारच्या बालकाकडे जातात. आजच्या बालकाला वाचविण्यासाठी दिलेले औषध उद्याच्या बालकाच्या हातून हिरावून घेतले जाते. यातून सुटण्याचा मार्ग औषध न देणे हा नव्हे. पहिला डोस देण्यापूर्वी रक्त तपासणीस घ्यावे. औषध त्वरित सुरू करावे. आणि दोन दिवसांनी कल्चरमध्ये काही आढळले नाही व बालक सुधारलेले दिसले, तर ते निर्धाराने थांबवावे. औषध सुरू करण्यास ज्ञान लागते. ते थांबविण्यास ज्ञानाबरोबर धैर्यही लागते. आणि जेथे रक्ताचे कल्चर करण्याची सोयच नाही, तेथे हे धैर्य डॉक्टरांनी आणावे कोठून? म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयाला एखादे नवे यंत्र मिळाले म्हणजे आपण जसे समाधान मानतो, तसाच तेथे जंतूंची प्रयोगशाळा आहे काय, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

या सर्वांवरून कोणी असे समजू नये की, प्रतिजैविके व्यर्थ आहेत किंवा रुग्णालयाची पायरी चढू नये. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील उदाहरण या दोन्ही समजुती खोडून काढण्यास पुरेसे आहे. तेथील ३९ खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. सेप्सिसची लक्षणे ओळखणे आणि आई-वडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने द्यावयाचे औषध देणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण शंभरास १६.६ होते, ते २.८ वर आले. वेळेवर ओळख आणि नेमके औषध यांची केवढी ही शक्ती! पण ती औषधे लागू पडली, याचे एक कारण असे की, त्यांना जुमानणारे जंतू तेथे होते. औषधाचा गुण हा केवळ कुपीत नसतो. तो समाजाने राखून ठेवावयाचा ठेवा असतो. गावच्या विहिरीचे पाणी जसे एकाने नासविले तर सर्वांचे नासते, तसेच हे आहे.

मग या बालकांची पहिली ढाल कोणती? ती व्हिएन्नातच सापडली होती. १९९४ नंतरच्या चार वर्षांत जिनिव्हाच्या मोठ्या रुग्णालयाने मद्यार्कयुक्त द्रव प्रत्येक खाटेजवळ ठेवला आणि हात स्वच्छ करण्याची मोहीम चालविली. हात स्वच्छ करावयास हवेत अशा शंभर प्रसंगांपैकी ४८ वेळा ते होत असत, ते ६६ वेळा होऊ लागले; आणि रुग्णालयात जडणाऱ्या जंतुदोषांचे प्रमाण शंभरास सुमारे १७ वरून १० वर उतरले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एका परिचारिकेच्या पदरी पंधरा-वीस बालके टाकून तिने प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुवावेत अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. एका पाळण्यात दोन-तीन मुले निजवून स्वच्छतेच्या पाट्या भिंतीवर लावणे ही विडंबना आहे. वाहते पाणी, पुरेशा परिचारिका, पाळण्यांमध्ये अंतर आणि एकदाच वापरावयाच्या सुया यांवर होणारा खर्च हा औषधावरचाच खर्च समजला पाहिजे.

दुसरी ढाल आईची. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १ किलो ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी उघड्या अंगाने बिलगवून ठेवण्यात आले. दुसऱ्या गटातील बालकांना नेहमीप्रमाणे आधी ऊबपेटीत ठेवून, ती स्थिरावल्यावर मग आईजवळ दिले. दुसऱ्या गटात शंभरामागे १५.७ बालके दगावली, पहिल्या गटात १२. सेप्सिसचा संशयही पहिल्या गटात कमी आढळला. आईच्या त्वचेवरील सौम्य जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात आणि रुग्णालयातील दांडग्या जंतूंना जागा उरू देत नाहीत, हे याचे एक संभाव्य कारण. पहिल्या दिवसांतील चीक तर संरक्षक द्रव्यांचा साठाच होय. आईचे दूध नसेल तेव्हा दुसऱ्या मातांचे तपासलेले व तापवून निर्जंतुक केलेले दूध मिळावे म्हणून १९८९ साली मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने दुग्धपेढी सुरू झाली. आशियातील पहिली दुग्धपेढी म्हणून ती ओळखली जाते.

श्रोतेहो, आपण सामान्य माणसांनी यात काय करावे? बाळाला पाहावयास जाण्याची घाई करू नये. गेलोच तर साबणाने हात धुतल्यावाचून त्याला स्पर्श करू नये, आणि सर्दी-खोकला असेल तर दारातूनच आशीर्वाद द्यावा. पूर्वीच्या सुवेराने बाळंतीण दहा दिवस इतरांपासून दूर राही. त्यातील विटाळाची कल्पना सोडून द्यावी, पण अंतर तेवढे ठेवावे. बाळाला मध चाटवू नये, गुटी देऊ नये, नाळेवर राख किंवा हळद लावू नये. ती कोरडी ठेवावी. बाळाला हात लावणारी व्यक्ती कितीही मोठी असली, तरी “आपण हात धुतले आहेत ना?” असे विचारण्याचा आईला अधिकार आहे. आणि तिच्या वतीने तो प्रश्न विचारणे हे बाळाच्या वडिलांचे व आजीचे कर्तव्य आहे. बाळ दूध ओढीनासे झाले, अंगाला गार लागू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या साध्या पडशासाठी आपण औषधाच्या दुकानातून चार गोळ्या मागून आणतो आणि बरे वाटताच दोन टाकून देतो. आपल्या शरीरात तयार झालेला हट्टी जंतू आपल्याबरोबरच थांबत नाही. अशी कित्येक प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम मार्च २०१४ पासून आपल्या देशात अमलात आहे. पण मागणारा मागत राहिला तर नियम एकटा काय करणार? जे बालक अजून जन्मास यावयाचे आहे, त्याचे औषध आपण आज खर्च करीत आहोत, एवढे ध्यानात ठेवून दुकानदारापुढे पसरलेला हात मागे घेणे, हेही त्या बालकाचे रक्षणच होय.